पाट्यावरची खाच

तिला सगळे आक्का म्हणायचे, वयाने मोठे ड्रायव्हरसुद्धा. गाड्यांच्या कमानी दुरुस्त करायचं वडिलांचं काम तिने लग्नानंतरही सोडलं नव्हतं. मागच्या चाकांवरचं वजन झेलणारे एकावर एक रचलेले पोलादी पाटे ती भट्टीत तापवून, ठोकून पुन्हा वळणावर आणायची. तिचा नवरा शिंपी. तो म्हणायचा, ही गाडीखाली असते तोवरच घरात शांतता. रागीट ती होतीच. पण त्या वर्षी तिला आलेला राग नेहमीचा नव्हता.

तिचा धाकटा भाऊ एका फरशीच्या कारखान्यात पिकअप चालवायचा. गाडी मध्यम आकाराची, जेमतेम दीड वर्षाची. एका उतरत्या वळणावर मागची डावी कमान तुटली, अ‍ॅक्सल तिरका झाला आणि कितीही स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ भिंतीवर गेली. भावाच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून इंजिनिअर येऊन फोटो काढून गेला. आठवड्याने अहवाल आला, कारण दोनच शब्दांत: जादा वजन.

आक्काने कारखान्याच्या फाटकावरून वजनकाट्याची चिठ्ठी मिळवली. माल मर्यादेपेक्षा दोनशे किलो कमीच होता. चिठ्ठी घेऊन ती तडक इस्पितळात गेली, तर भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेला. जादा वजन भरल्याचं मान्य करणाऱ्या कागदावर त्याने आदल्या दिवशीच सही केली होती. त्या बदल्यात मालक त्याला गोदामात बसायचं काम देणार होता.

"मग काय करू? या पायाने क्लच दाबू?" तो म्हणाला.

"स्वतःच्याच नावावर खोटं लिहून दिलंस," एवढं बोलून, चिठ्ठी त्याच्या उशाशी टाकून ती निघाली. पुढचे चार महिने ती त्याच्याशी बोलली नाही. डबा मात्र रोज पाठवायची, नवऱ्याच्या हाती.

तुटलेला पाटा तिला भंगारवाल्याकडे सापडला. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग गंजून काळा पडला होता, निम्मा चकचकीत होता. म्हणजे पाटा एका दिवसात मोडलेला नव्हता, कित्येक महिने आतून चिरत गेला होता. मोडला होताही भलत्याच जागी, टोकापासून वीतभर अंतरावर. जादा वजनाने मोडलेले पाटे तिने आयुष्यभर पाहिले होते. ते बहुतेक मधल्या बोल्टाच्या भोकापाशी जातात. इथे बरोबर तिथेच, जिथे सगळे पाटे एकत्र धरणारी लोखंडी क्लिप बसते. क्लिपची कड धारदार आणि तिच्याखाली रबराचा तुकडासुद्धा नाही. प्रत्येक खड्ड्याला ती कड वरच्या पाट्याला घासत राहिली, खाच पडली आणि चीर तिथूनच सुरू झाली.

आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर ती इतर कमानवाल्यांकडे फिरली आणि त्याच गाडीचे आणखी सहा पाटे घेऊन आली. सातही एकाच जागी मोडलेले. ते पोत्यात घालून ती सर्व्हिस सेंटरमध्ये गेली आणि त्या थंडगार, अत्तराचा वास येणाऱ्या खोलीत तिने ते पांढऱ्या टेबलावर एकेक करून मांडले.

इंजिनिअरने आधी रस्त्यांना दोष दिला, मग ड्रायव्हरांना. आक्काने त्याचा हात धरला आणि त्याचं बोट खाचेवर टेकवलं. दार लोटून घेत तो हळूच म्हणाला, "आक्का, हे मी वर कळवलंय. दोनदा."

"अपघाताच्या आधी?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"मग जादा वजन कोणी लिहिलं?"

"मीच. तसंच लिहायचं असतं आम्हाला."

ती ओरडली नाही. "माझा भाऊ काठी घेऊन चालतो. तू कळवलंस आणि घरी जाऊन जेवलास," ती म्हणाली. आता हे लेखी दे, असं तिने तीनदा सांगितलं. त्याने दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती पिकअपच्या थांब्यावर उभी राहू लागली. दिसेल ती तसली गाडी थांबवायची, खाली शिरायची, खाच चाचपायची. चीर गेलेला पाटा बदलायला लावायची. बाकीच्यांच्या क्लिपची कड घासून गोल करायची, खाली जाड रबर घालायची. पंधरा दिवसांत एकतीस गाड्या. काही ड्रायव्हर वैतागायचे. त्यांच्यावर ती अशी खेकसायची की ते निमूट इंजिन बंद करायचे.

यातल्याच एका ड्रायव्हरने सगळी हकीकत भावाच्या कानावर घातली. मग तो स्वतःच काठी टेकत गाडीच्या कंपनीच्या कचेरीत गेला, वजनाची चिठ्ठी पुढे केली आणि आधीचा कागद खोटा असल्याचं लिहून दिलं. त्याच संध्याकाळी मालकाने त्याला गोदामातून काढलं. तो आक्काच्या शेडमध्ये येऊन बसला, तेव्हा तिने चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलास का?" तेव्हापासून तो तिच्याकडेच काम करतो, पाट्यांची मापं घेतो.

पुढच्या वर्षी कंपनीच्या नव्या गाड्यांना गोल कडांच्या, रबर लावलेल्या क्लिपा आल्या. जाहिरातीत लिहिलं होतं, प्रवास आणखी आरामदायी. भावाचा अहवालही बदलून आला. जादा वजन खोडून तिथे आता 'कारण अनिश्चित' असं छापलं होतं.

भाऊ म्हणाला, चला, निदान डाग तरी गेला.

"अनिश्चित?" आक्काने हातोडा खाली ठेवला. "सात पाटे ठेवले होते मी त्या इंजिनिअरच्या टेबलावर."