भाऊबीज सोडून

ताई कुंकू लावायची ते दाबून. अंगठा कपाळावर असा रेटायची की माझी मान मागे जायची. मग अक्षता. त्यातल्या निम्म्या माझ्या मिशीत अडकायच्या आणि ती हसत सुटायची. "गप बस रे, दिवा इजंल," असं मलाच दटावत सुपारी आणि अंगठी माझ्या तोंडाभोवती फिरवायची. मी सापगावचा, तिचं सासर टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या वाटेवर. भाऊबीजेला शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगाव गाठायचं आणि तिथून घाटाकडची एसटी धरायची. खिडकीतून कापलेल्या भाताचा वास यायचा. आई शेतावर असायची तेव्हा मला कडेवर घेऊन वाढवलं ते ताईने, त्यामुळे हा दिवस मला बाकीच्या सगळ्या दिवाळीपेक्षा मोठा वाटत आला.

मी वकील. सुरुवात शहापूरच्या कोर्टात केली. वाटण्या, बांध, कोणाची गुरं कोणाच्या शेतात शिरली, असली प्रकरणं. पुढे कल्याणला एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली लागलो आणि तिथे पहिल्यांदा फाशीची शिक्षा ऐकली. निकाल वाचून झाला, न्यायाधीश आत गेले, माणसं उठून बाहेर चालली, आणि ज्याला शिक्षा झाली तो मला हळूच म्हणाला, "सायेब, आता मी कुठं बसू?" मी म्हटलं, बस इथेच. तो बाकाच्या अगदी कडेला बसला, दुसऱ्या कोणाची जागा अडत असावी तसा.

नंतर मी पुष्कळ वाचलं, मुद्दे शिकलो, हायकोर्टात उभा राहिलो. पण मी या शिक्षेच्या विरोधात का, असं खरंच विचाराल तर कारण तेवढंच आहे. बसायची जागा विचारणाऱ्या माणसाला दिवस ठरवून, डॉक्टरकडून तपासून घेऊन मारायचं, हे माझ्या गळी उतरत नाही. आणि माझं म्हणणं लोकांच्या गळी उतरत नाही. आसनगाव स्टेशनबाहेर चहाला उभा राहिलो की रोजचे पासवाले टोमणा मारतातच, "काय वकीलसाहेब, आज कोनाला सोडवलं?" सोडवत नाही रे बाबांनो, मारू नका एवढंच म्हणतो. हे सांगताना माझा आवाज चढतो. ती खोड आता जायची नाही.

आमच्या कामात आरोपीच्या घरी जावं लागतं. त्याच्या आईपुढे जमिनीवर बसून विचारायचं, लहानपणी कसा होता, कोणाला भ्यायचा, आजारी कधी पडला. गुन्ह्याच्या दिवसाखेरीजही त्याचं काही आयुष्य होतं, ते कोर्टापुढे मांडायचं. शेजारी दारातून बघत असतात. कोणी थुंकतं. त्याची सवय होते.

ताईच्या गावच्या प्रकरणाची मात्र झाली नाही. तिच्या शेजारच्या घरातला बाप, आई आणि कॉलेजात जाणारा मुलगा, तिघांना भावकीतल्याच एका माणसाने कोयत्याने मारलं. धाकटी मुलगी मामाकडे होती म्हणून वाचली. खालच्या कोर्टाने फाशी दिली. हायकोर्टात त्याची बाजू घ्यायला कोणी तयार होईना, तेव्हा कागद माझ्याकडे आले. वर ताईच्या गावाचं नाव होतं. तरी घेतलं. अनोळखी गावात तत्त्व पाळायचं आणि बहिणीच्या गल्लीत आलं की हात झटकायचे, हे मला जमणारं नव्हतं. ताईला फोन करून सांगितलं. ती फक्त "बरं" म्हणाली.

फाशीची जन्मठेप झाली. त्या दिवाळीत ताईचं बोलावणं आलं नाही. वाट बघून शेवटी दाजींना फोन केला. ते बराच वेळ पिकापाण्याचं बोलत राहिले, मग म्हणाले, "ती आता चंद्राला ओवाळते."

जिला भाऊ नाही तिने भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, ही आपल्याकडची रीत. ताईच्या लेखी मी मेलो होतो.

त्यानंतरच्या भाऊबीजा मी कशा काढल्या ते माझ्या बायकोला विचारा. दिवसभर चिडचिड करायची, संध्याकाळी उगाच एसटी स्टँडवर चक्कर मारायची, किन्हवलीकडच्या गाडीत ओवाळून घ्यायला निघालेले भाऊ बघायचे. ताईची आठवण येऊन मी रडलोही आहे.

गेल्या दिवाळीत राहवलं नाही. न बोलावता गेलो. पोचलो तेव्हा दिवस नुकता मावळला होता आणि डोंगरावर द्वितीयेची कोर दिसत होती. अंगणात दोघी ताटं घेऊन उभ्या होत्या, ताई आणि शेजारची ती मुलगी, आता लग्नाच्या वयाची झालेली. आधी मुलीने चंद्राला ओवाळलं, मग ताईने. मुलीने वळून मला पाहिलं. मी कोण ते तिला ठाऊक होतं. ताट घेऊन ती शेजारी आपल्या घरात गेली.

वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं माझ्या डोक्यातून उडालं. "मी मेलो असं धरलंस होय गो ताई?"

"काय बोलतोस रे सनाच्या दिशी!" ताई खेकसली. मग ताट ओट्यावर ठेवून खाली बसली. "निकाल लागला त्या साली ती मामाकडून चुलत्याकडं ऱ्हायला आली. वसुबारसेला मला इचारते कशी, काकी, मी आता चंद्राला ओवाळायचं ना? मग तुला कुठल्या तोंडानं बोलावू? एकटी उभी ऱ्हायली असती ती. मी तिच्या जोडीला ऱ्हाते."

"त्याला फाशी झाली असती तरी, ताई..."

"तरी तिनं चंद्रालाच ओवाळलं असतं. कळतं मला. तुझं खोटं नाय. पन तिच्या डोळ्यांम्होरं मी माझ्या भावाला ओवाळू? तूच सांग."

न्यायमूर्तींच्या तिरकस प्रश्नांना मी उभ्या उभ्या उत्तरं दिली आहेत. इथे मी तिच्याजवळ खाली बसलो. ताईने दंडाला धरून मला आत नेलं, समोर बसून जेवू घातलं. निघताना म्हणाली, "कदीपन ये रे. लावनीला ये, गनपतीला ये. आजच्या दिशी तेवढा नको."

आता मी जातो. लावणीला गेलो होतो, गणपतीत दोन दिवस राहिलो. ताई पूर्वीसारखीच हसते, दटावते, निघताना तांदळाची पिशवी हातात कोंबते. भाऊबीजेला मी सापगावातच असेन. तिचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं आहे, त्यावर माझ्याकडे अपील नाही. तरी मला तोच दिवस हवा असतो.