तापात मी चॅनल का बदललं

मालिका पाहणाऱ्यांना मी याच ग्रुपवर रिकामटेकडे म्हणत आले. आज अंगात ताप होता, म्हणून दुपारी पांघरुणात बसून सासू-सुनेची मालिकाच लावली. बरं वाटलं.

तेवढ्यात, हीच मालिका रोज पाहणाऱ्या शेजारच्या शोभाबाई गरम पेज घेऊन आल्या. मी घाईने इंग्रजी बातम्या लावल्या.

“तुमची मालिका बुडेल, जा,” मी म्हटलं.

“बुडू द्या. आज लगन आहे तिच्यात, पण तुमाले एकटं काऊन सोडू? तुमाले इंग्रजीच बरं वाटते ना? बसते मी.”

एक शब्द कळत नसताना त्या तासभर बसल्या. मी निर्लज्जपणे रिमोट पांघरुणात दाबून धरला होता.

रिकामटेकड्यांनो, ते लग्न लागलं का? उद्या कबुलीसोबत शोभाबाईंना तेही सांगायचंय.