तिच्या गोधडीवरचा तारा

शिमगा होऊन आठवडा झाला होता. संध्याकाळी अंगणात बसून आम्ही नवरा-बायको वाल सोलत होतो आणि भांडत होतो. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दुपारी पोस्टमन पोलादपुराहून चढून आमच्या कुडपणला त्या तारे बघणाऱ्या साहेबाचं पत्र देऊन गेला होता. दुसऱ्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकाने म्हणे दुर्बीण लावून बघितलं आणि छापलं, की साहेबाने पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तो तारा वागतच नाही. तेव्हा तुमच्या घरातली ती गोधडी पुरावा म्हणून मला लगेच पाठवा, असं साहेब लिहीत होता. त्या प्राध्यापकाचं नाव, कॉलेज, गाव सगळं पत्रात होतं. ठकू, माझी बायको, शेंग सोलता सोलता म्हणाली, "देऊन टाका. आता तरी त्यास्नी सुलट कळंल." मी म्हटलं, चुलीत घालीन, पण त्याला देणार नाय. बारा वर्षांत त्याने साधं कार्ड टाकलं नाही, आणि आता मान अडकली तेव्हा ठकूची गोधडी आठवली. ती म्हणाली, "चुलीत घालाया ती तुमी शिवलीय व्हय?"

त्याच रात्री, पहाटे ती गेली. झोपेतच.

साहेबाचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याने पुस्तकात तिचं घातलं नाही, मी या लेखात त्याचं घालत नाही. वाचील तेव्हा त्याला बरोबर कळेल. माझं शिक्षण चौथीपर्यंत. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघितलंय, बाकी शब्द माझे.

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. साहेब शहरातल्या कॉलेजात शिकवायचा. कुडपणच्या माळावर दिवे नाहीत, हवा स्वच्छ, म्हणून दिवाळीच्या आधी पंधरा दिवस तो तारे बघायला आला. पोलादपुरापासून त्याच्या पेट्या आम्ही गावच्या तिघा गड्यांनी डोक्यावर आणल्या. मोठी दुर्बीण माळावर उभी केली आणि बिऱ्हाड आमच्या पडवीत. ठकू त्याला भाकऱ्या करून घालायची. एकदा जेवण घेऊन माळावर गेली तर साहेब म्हणाला, बघ बाई, तूही बघ. तिने डोळा लावला. कृत्तिका होत्या. वर बघितलं तर सहा-सात दिसतात, आत बघितलं तर मोजता येईनात. ती म्हणाली, "सुपातनं वरीचं दानं सांडलं जनू." मग साहेबाने एक धुरकट ठिपका दाखवला आणि सांगितलं, हा ढग नव्हे, हाही ताऱ्यांचाच मेळा, पण आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचा, फार लांबचा. ती दुर्बिणीचा डोळा न सोडता म्हणाली, "म्हंजी ही पल्याडची वाडी." साहेब तेव्हा खूश होऊन हसला होता. तेव्हाचं हसणं चांगलं होतं, ते मी नाकारत नाही.

तिची नजर बघून त्याने जाताना हातभर लांबीची पितळी दुर्बीण तिपाईसकट तिच्याकडे ठेवली. एक तारा दाखवला. हा काही महिने तेजात येतो, मग मलूल होतो, नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो. याच्या शेजारचे हे दोन तारे कधी बदलत नाहीत. रोज बघायचं, याचं तेज त्या दोघांच्या मधे कुठे बसतं ते, आणि लिहून ठेवायचं. ठकूला लिहिता कुठे येत होतं? तिने गोधडी घेतली. वर टाक्यांची एक ओळ, ती थोरली वहिनी. खाली एक ओळ, ती धाकटी वहिनी. आणि येऊन-जाऊन असणाऱ्या त्या ताऱ्याचं नाव माहेरवाशीण. रोज दोन ओळींच्या मधे एक टाका. माहेरवाशीण तेजात असली की टाका वर, उतरली की खाली. आभाळ भरलं तर तेवढी जागा कोरी. पौर्णिमेच्या दिवशी लाल दोरा, म्हणजे तिथी चुकायला नको. गोधडीला उशाकडे तिच्या लग्नातल्या चोळीचा खण लावलेला होता, ती वरची बाजू. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत एक ओळ झाली. दिवाळीत माहेरवाशीण थोरलीच्या बरोबरीला होती, मार्गशीर्षात भराभर उतरली, आणि पौषापासून पुढे सगळे टाके तळाला.

पुढल्या हिवाळ्यात साहेब आला तेव्हा ठकू वरंधला गेली होती, बहिणीच्या बाळंतपणाला. गोधडी मीच पसरली. साहेब दक्षिणेच्या भिंतीला पाठ लावून बसला होता. त्याला सुलट दिसायची तर खणाची बाजू उत्तरेला करावी लागली असती. उत्तरेला उशी मेलेल्या माणसाची करतात. बायकोच्या अंथरुणाची उशी मी उत्तरेला कशी करू? फिरवून घातली, खण साहेबाच्या पायाशी. त्याने एकेक टाका मोजून वहीत उतरवला. उलट्या बाजूनेही ओळ वर सुरू होते आणि खाली संपते, म्हणून त्यालाही शंका आली नाही. फक्त माहेरवाशीण माघापर्यंत तेजात राहिली. उठताना त्याने विचारलं, नाव काय लिहू? मी माझं सांगितलं. बायकोचं नाव परक्या माणसाला सांगायची आमच्यात रीत नाही.

वर्षभराने छापील पुस्तक गुरुजींकडे आलं. वर साहेबाचं नाव, आणि शेवटच्या पानावर पेट्या वाहिल्याबद्दल माझे आभार. मी ते पान गावभर दाखवत फिरलो. ठकूने अक्षरं नाही बघितली, आतलं चित्र बघितलं. बघितल्या बघितल्या म्हणाली, "ही उलटी हाय." गोधडी कुणी पसरली होती, म्हणून तिने मला विचारलं. मी म्हटलं, साहेबाने स्वतःच पसरून घेतली.

त्याच महिन्यात साहेबाचं महाडच्या एका शाळेत भाषण होतं. ठकू म्हणाली, सांगायला पाहिजे, लोकं फुकट पौषात बघतील. आम्ही गेलो. सभेत बायका चारच असतील. भाषण संपल्यावर ती उभी राहिली. पदर डोक्यावर, आवाज बारीक, पण नीट म्हणाली की सायब, तुमच्या पुस्तकात माहेरवाशीण उलटी पडलीय, पौषात ती दिसायची नाय. साहेबाने भर सभेत उत्तर दिलं, "बाई, हे शास्त्र आहे. वाकळ नव्हे." सगळी सभा हसली… मीही हसलो. वरच्या लोकांबरोबर हसायची सवय असते माणसाला. ती खाली बसली. पोलादपूरहून वर चढताना ती माझ्या पुढे चालत राहिली. त्या चढणीवर मी साहेबाचा सूड घ्यायचं ठरवलं. खरं सांगायचं तर स्वतःवर धरायचा राग त्याच्यावर धरणं सोपं होतं. पण म्हणून तो निर्दोष ठरत नाही.

ती मात्र टाके घालत राहिली. आणखी बारा हिवाळे, एकाखाली एक ओळी. माहेरवाशीण दर वर्षी महिनाभर अलीकडे येते, हे तिनेच शोधलं, नि मधे काही वर्षं तिच्या तेजाचा भर पावसाळी ढगांच्या आड जातो, हेही. शेवटची दोन वर्षं मोतीबिंदूने तिला दिसेना. मग दुर्बिणीला डोळा मी लावायचो आणि ती गोधडी मांडीवर घेऊन विचारायची, "कुनाजवळ बसलीय?" मी सांगायचो, धाकटीच्या जरा वर. ती चाचपून टाका घालायची. मी अंदाजपंचे सांगितलं तर तिला कळायचं. "परत बघा," म्हणायची. "काल व्हती तिथनं एवढी उडी ती मारत नाय."

त्या शेवटच्या संध्याकाळी वाल संपत आले तेव्हा मी पुन्हा साहेबाच्या नावाने शिव्या घातल्या. तिने टोपली बाजूला केली आणि शांतपणे म्हणाली, "गोधडी तुमीच पसरली व्हती. मला ठाव हाय." मी विचारलं, कधीपासून? "पयल्यापासनं. सायबाला उशी-पायथा कुठला ठाव? उशी फिरवनारा मानूस घरचाच." मग बारा वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुमी सांगाल म्हनून थांबले." ती उठून चूल पेटवायला गेली.

सकाळी भावकी जमली. मेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत, मसणात टाकतात. पुतण्याने सगळं गोळा केलं, त्यात ती गोधडीही. मी अडवलं नाही. उलट स्वतःच्या खांद्यावर घेतली. मनात आलं, होऊ दे, तिच्याबरोबर साहेबाचा पुरावाही जळू दे. मग त्याला शपथेवर सांगू दे काय सांगायचं ते. अग्नी दिला, गोधडी हातात होती… आणि डोक्यात लख्ख आलं की जळाली तर वाचेल तोच. म्हणेल, मी पाहिली होती, सगळं जुळत होतं. त्याला खोटं पाडणारं जगात काही उरणार नाही. मी गोधडी परत घरी आणली. पुतण्या म्हणाला, काका, असं करत नाहीत. म्हटलं, मी करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतकात, डोकं भादरलेलं, गोधडी फडक्यात शिवून मी पोलादपूरला उतरलो. आत चिठ्ठी घातली. खण वरच्या बाजूला धरायचा. ओळ डावीकडून वाचायची. लाल टाका म्हणजे पौर्णिमा. पहिल्या साली ती उलटी पसरली ती मी, न विचारता छापली ती साहेबाने. आणि सोबत साहेबाचं पत्रही घातलं. पत्ता टाकला तो त्या दुसऱ्या प्राध्यापकाचा. पोस्टमास्तरने लाख लावली, वजन केलं आणि पाठवणाऱ्याचं नाव विचारलं.

"ठकूबाई," मी म्हटलं.

"त्या सही करायला आल्यात का?"

"काल नेली."

त्यांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, मग कायद्याने तुमचं घालावं लागेल, मी तुमचं लिहितो.

"माझं एकदा घालून झालंय मास्तर. हिचं घाला."

त्यांनी टाक पुन्हा उचलला. मग लिहिलं. शाई वाळेपर्यंत मी खिडकीपासून हललो नाही.