मोठी टिकली

"पाहा बरं भाऊ, सरळ हाय ना?"

दुकानातल्या आरशासमोर उभं राहून कपाळावर मधलं बोट दाबायचं, मान जराशी तिरपी करायची, आणि मग आरशावर भरवसा न ठेवता मला विचारायचं, ही तिची रीत. मी बांगड्या बांधता बांधता म्हणायचो, "सरळ हाय."

"न पायताच?"

मग मला मान वर करून पाहावं लागे. टिकली सरळच असायची. गोल टिकलीला सरळ काय आणि वाकडं काय, असं मी एकदा म्हटलं, तर ती म्हणाली, "तुमी दुकानदार. तुमाले काय समजते त्यातलं?"

केळझरला गणपतीच्या वाटेवर माझं बांगड्या-टिकल्यांचं दुकान आहे. आता मुलगा बसतो. तिचं घर गल्लीत आमच्या समोर. नवऱ्याची शेती, एक मुलगी, दारात दोन शेळ्या. नाव लिहीत नाही. गावात ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि हे मी त्यांच्यासाठीच लिहितो आहे.

परवा चहाच्या टपरीवर कोणीतरी बातमी आणली की ती नागपूरला मुलीकडे वारली. बाकावरच्या एकानं विचारलं, "कोण? थे कोडवाली का?" दुसरा म्हणाला, "हो, थेच." मग बोलणं सोयाबीनवर गेलं. माझ्या कपातला चहा थंड झाला होता. मी तो पिऊन टाकला.

तिला कोड नव्हतं. मला खरं तर एवढंच वाक्य लिहायचं होतं. पण नुसत्या एका वाक्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून बाकीचंही लिहितो.

दुसऱ्याच्या कातडीवर तिचं भारी लक्ष. थंडीत शाळेत जाणारं पोर दिसलं की हाक मारून थांबवणार. "काऊन रे, गाल फुटले तुहे, तुह्या घरी तेल नाई का?" आणि घरातून जवसाच्या तेलाची बाटली आणून त्याच्या तोंडाला फासणार. पोरं तिचं घर टाळून मागच्या गल्लीनं शाळेत जायची. माझ्या बायकोला म्हणायची, "बाई, कपड्याच्या साबणानं हात धुता न तुमी? पाहा, सोलून राह्यले." पावसाळ्यात ओलं बनियन अंगावरच वाळवणारे गडी तिला दिसले की त्यांच्या काखेतल्या खाजेचा ती भर चौकात उद्धार करायची.

एकदा नवे ग्रामसेवक माझ्या दुकानासमोर उभे होते. पायात सँडल. हिनं खाली पाहिलं. "साहेब, टाचा पाहा तुमच्या. गहू पेरता येईन भेगाइत." साहेब लाजले, आम्ही हसलो. पण दुसऱ्या महिन्यात ते स्वतःच तिच्याकडे तेल मागायला आले.

तिच्या सल्ल्यांतला निम्मा भाग बरोबर असे आणि निम्मा हवेतला. चेहऱ्यावर वांग आले तर रात्री दही खाऊ नये, हे ती ज्या खात्रीनं सांगायची, त्याच खात्रीनं उन्हात डोक्याला फडकं बांधा हेही सांगायची. ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नसे. तिलाही नसावा.

स्वतःची मात्र एक सवय तिनं कधी सोडली नाही. टिकली. आंघोळीत टिकली, झोपेत टिकली, कापूस वेचताना घामात टिकली. गोंद सुटला की त्याच जागी नवी. "बाईचं कपाळ एक घडीबी उघडं राहू नाई," म्हणायची. रंग ठरलेला, मरून. नवी लावायची असली की जुनी काढून माझ्या आरशाच्या चौकटीला चिकटवून टाकायची. मी कुरकुर केली तर म्हणायची, "राहू द्या. तुमच्या आरशालेबी नवरा भेटन."

तुम्ही कधी टिकल्या विकल्या नसतील, म्हणून सांगतो. गिऱ्हाईक बाईचं माप सहसा बदलत नाही. लग्नानंतर जे ठरलं ते ठरलं. हिचं बदलत गेलं. आधी तुरीच्या दाण्याएवढी. मग वाटाण्याएवढी. मग त्याहून मोठी. गल्लीतले गडी चेष्टा करायचे, "वैनी, कपाळावर सूर्य उगवला का?" ती म्हणायची, "तुमच्या घरात उजेड पडाव म्हून."

एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. तिनं माझ्याकडे पाठ करून टिकली काढली. आरसा समोर होता, हे ती विसरली. टिकलीखालची कातडी सोललेल्या लसणाच्या पाकळीसारखी पांढरी होती. आरशातच आमची नजरानजर झाली.

"भाऊ, कोणाले सांगू नका. आमच्या ह्याइलेबी माहीत नाई."

"नाही सांगत."

"याच्याहून मोठी हाय का?"

होती. मी पाकीट काढून दिलं.

आणि ते काय आहे, हे मला त्या दिवशी माहीत होतं. आदल्या वर्षी माझ्या बायकोच्या कपाळावर तसाच डाग आला होता. आम्ही वर्ध्याला कातडीच्या डॉक्टरकडे गेलो. गावातलं कोणी बसमध्ये भेटलं तर काय सांगायचं, हेही ठरवून गेलो होतो. डॉक्टरनं डाग पाहिला आणि विचारलं, "टिकली रोज एकाच जागी लावता? काढत नाही?" मग म्हणाला, "टिकलीच्या मागचा गोंद काहींच्या कातडीला सोसत नाही. रंग उडतो. हे कोड नाही. टिकली बंद करा, बहुतेक रंग परत येईल. वेळ लागेल." बायको साधं कुंकू लावायला लागली. काही महिन्यांनी कपाळ भरून आलं. ती टिकली आमच्याच दुकानातली होती, हे वेगळं सांगायला नको.

घरात मी बजावलं होतं, याची बाहेर वाच्यता नको. मुलाच्या सोयरिकी चालू होत्या. डाग म्हटलं की लोक कोड म्हणतात, गोंदाचं कोणी ऐकून घेत नाही. बायको अधूनमधून म्हणायची, "समोरच्या वैनीची टिकली मोठीच होऊन राह्यली. सांगा ना तिले."

"आधी पोराचं होऊन जाऊ दे."

पोराचं झालं. आमच्या सुनेला तिनं स्वतः हळद लावली आणि कोपरं काळी आहेत म्हणून बोलूनही घेतलं. त्यानंतर बायकोनं पुन्हा आठवण केली. मी म्हटलं, "आता सांगतलं तर थे विचारन, आधी काऊन नाई सांगतलं." मी दर वेळी त्याहून मोठं पाकीट काढून देत राहिलो.

मग एका उन्हाळ्यात तिचा नवरा शेतातून आला, खाटेवर बसला, आणि बसल्या बसल्या गेला. गल्लीतला म्हणून मी होतोच. तिच्या मुलीची सोयरीक तळेगावला ठरली होती. तिकडचेही लोक आले होते. रीतीप्रमाणे तिच्या मोठ्या जावेनं बांगड्या फोडल्या आणि कपाळावरची टिकली ओढून काढली.

उन्हानं रापलेलं कपाळ आणि मधोमध रुपयाएवढं पांढरं गोल. रडणं थांबलं नाही. पण बायकांच्या नजरा तिथं जाऊन थांबल्या. तळेगावच्या एका बाईनं शेजारणीच्या कानात काही सांगितलं. मी चार हातांवर उभा होतो. मी म्हणालो, "पाणी आणा कोणीतरी." एवढंच म्हणालो.

तेरवीनंतर मध्यस्थ निरोप घेऊन आला. "पोरगी चांगली हाय. पण रक्ताचं काम हाय. त्याइच्या घरी पुढं लेकरं होतीन." सोयरीक मोडली. नंतर आलेली दोन स्थळंही गावात चौकशी करूनच परत गेली.

काही दिवसांनी ती आमच्या घरी आली. बायकोजवळ बसली. मी पलीकडे बांगड्यांचे जोड लावत होतो. ती म्हणाली, "बाई, मले आठवलं. ल्हानपणी हिंगणीले मामा आलते. बोर धरणाची मासोळी होती आन् खीरबी होती. माय म्हणे, दोन्ही नको खाऊ, कोड फुटते. मीनं चोरून खाल्लं. माह्या जिभेनं माह्या पोरीचं वाटोळं केलं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी बांगड्यांचं खोकं उचलून दुकानात गेलो.

त्या दिवसापासून तिनं मासोळी सोडली. दूध सोडलं, दही सोडलं, चहा कोरा प्यायला लागली. दुकानात येणं बंद झालं. पोरांना थांबवणंही बंद झालं. त्या थंडीत पोरं आमच्याच गल्लीनं शाळेत जात होती, फुटलेले गाल घेऊन.

मुलगी नागपूरला नोकरीला लागली. लग्नाचा विषय तिनंच बंद केला. इकडे टिकली सुटल्यावर आईच्या कपाळावरचा डाग भरत चालला. आधी आत तपकिरी ठिपके आले, मग कडा पुसट झाली. गल्लीत येता-जाता मी रोज पाहत होतो. माझ्याशिवाय ते कोणी पाहिलं नसावं. लोकांनी एकदा पाहून ठेवलं होतं, पुन्हा पाहायची त्यांना गरज नव्हती. ती मात्र सांगायची, मासोळी सोडली म्हणून गेलं. म्हणजे मासोळीनंच आलं होतं, हेही तिच्यापुरतं पक्कं झालं.

मधे माझी बायको गेली. आता माझ्याकडे तसं पाहणारं घरात कोणी नाही.

तुमच्या घरात कोणाच्या कपाळावर टिकलीच्या मापाचा फिका डाग दिसला, तर मोठी टिकली आणू नका. टिकली उतरवा आणि डॉक्टरला दाखवा. आणि समजा, कोडच निघालं, तरी त्यात कोणाचा काय गुन्हा? हे मला या वयात सुचतं आहे.

ती गाव सोडून मुलीकडे निघाली त्या दिवशी घराला कुलूप लावून दुकानात आली. बाहेर ऑटो उभा होता. कपाळ पूर्ण भरलेलं, कुठं खूण नाही. जरा लाजत म्हणाली, "पोरगी म्हणते, आई, टिकली लाव. तिकडं कोणी काही म्हणत नाई. मले वाटलं, एक पाकीट तुमच्याच दुकानातून न्याव. मोठी नको. ल्हानशी."

मी म्हणालो, "टिकल्या नाही राहिल्या."

माझ्या पाठीमागे भिंतभर टिकल्यांची पाकिटं लटकत होती. तिनं माझ्या खांद्यावरून ती पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली. मग म्हणाली, "बरोबर हाय, भाऊ. तुमाले गावात राह्याचं हाय."

विधवा बाईला मी टिकली नाकारली, असं ती समजली. तसं नव्हतं. गोंद पुन्हा तिच्या कपाळाला लागू नये, एवढंच माझ्या मनात होतं. गोंद हा एक शब्द बोललो असतो तर सगळं बोलावं लागलं असतं. तिची मासोळी, तिच्या मुलीची सोयरीक, सगळं. मी काउंटरवरची धूळ हातानं पुसली.

जाताना सवयीनं ती आरशासमोर थांबली. चौकटीला तिच्या जुन्या टिकल्या तशाच होत्या. तिनं मधलं बोट कपाळाच्या मोकळ्या जागेवर दाबलं, मान तिरपी केली. विचारलं काहीच नाही. मी खाली पाहत होतो, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सरळ हाय."

"न पायताच?" ती म्हणाली, आणि ऑटोकडे निघाली.