कबुतरांच्या पुड्या

कबुतरं मला कधीच आवडली नाहीत. त्यांचा तो कुबट वास, उडणारा पिसांचा भुगा, चपलेला चिकटणारी घाण, सगळ्याचा लहानपणापासून तिटकारा. तरी दोन हिवाळे दर रविवारी मी रोडपालीहून गव्हाणला, मोठ्या भावाच्या गच्चीवर जात होतो, आणि तेही कबुतरांच्या खाण्याची पिशवी घेऊन. कारण सांगायला लाज वाटते. मला ते काम फार छान जमत होतं.

दादाची कबुतरं रोलर जातीची. उडता उडता ती मागच्या मागे कोलांट्या घेत खाली येतात आणि मग सावरून पुन्हा थव्यात जातात. कोलांट्या जितक्या लांबवर चालतील तितकं पाखरू भारी. शेतजमीन संपादनात गेल्यापासून दादाला करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ही पाखरं आली. पण ती नुसती उंच जाऊन घिरट्या घालत बसायची. दादा त्यांना वाटाणा, मका, हरभरा पसापसानं टाकायचा. पाहुण्यांच्या ताटातही तो असंच ओततो, नको म्हटलं तरी.

माझं औषधांचं दुकान आहे. मोजून देणं हाच धंदा. मी म्हटलं, "दादा, भरल्या पोटानं कोलांट्या कोण मारेल?" वाटाणा आणि मका बंद केला. गहू, ज्वारी आणि थोडी बाजरी ठेवली. बायकोचा केकसाठीचा वजनकाटा उचलला, तो तिनं नंतर परत घेतला नाही. दर शनिवारी सात वारांच्या सात पुड्या बांधायच्या, प्रत्येकीवर वार लिहायचा. एका पुडीत सगळ्या थव्याचं एका दिवसाचं खाणं. महिन्याभरात फरक दिसला, पण दादाला तेवढ्यानं भागेना. त्याचं सगळं पी हळद आणि हो गोरी. मधल्या वारी फोन यायचा, "अजून कमी कर रे. पाखरं अजून सुस्तच हायत."

मी कमी करायचो. दुकानात कुणी दोनच्या जागी चार गोळ्या मागितल्या तर मी त्याला हाकलून देतो. गच्चीवर मात्र माझी अक्कल गहाण पडली होती.

थव्यात एक तांबडी मादी होती. ती कोलांटायला लागली की माणसं बोलायची थांबत. दादाच्या गच्चीवर कोलांट्यांची स्पर्धा ठरली होती. तिच्या आधीच्या रविवारी ही मादी सावरली ती पाण्याच्या टाकीच्या जेमतेम वीतभर वर, शेपूट टाकीला घासलं. मग कोपऱ्यात पिसं फुगवून बसली. मी तिला हातात घेतलं, तर छातीचं हाड सुरीसारखं बोटाला लागलं. त्राण नसलेलं पाखरू कोलांटी सुरू करतं, पण त्याला ती थांबवता येत नाही. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"दादा, हिला या खेपेला उडवू नकोस. वेगळी ठेव, महिनाभर पोटभर वाटाणे घाल."

"येडा झाला का? चिरनेरचे कबुतरवाले बघायला येणार हायत. ती नाय तर आमी दाखवायचं काय?"

"आपटेल ती."

"काय नाय होत. सावरते ती बरोबर. तू पुड्या दे."

पिशवीतल्या पुड्या आदल्या दिवशी बांधलेल्या होत्या, नेहमीपेक्षाही हलक्या. परत नेऊन वजन वाढवता आलं असतं. मी त्या तशाच त्याच्या हातात ठेवल्या. वाद घातला नाही, कारण खरं सांगायचं तर ती कोलांटी मलाही पुन्हा बघायची होती.

पुढच्या रविवारी सकाळी गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. घाण तुडवत माणसं उभी, एका हातात वडापाव, दुसऱ्यात मोबाइल. परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांच्या गळ्यात घड्याळ. थवा सुटला, वर गेला, आणि काही वेळानं तांबडी फिरायला लागली. मी मनात सेकंद मोजत होतो. एक, दोन, तीन. लोक शिट्ट्या मारायला लागले. चार. टाकीवर धप्प आवाज झाला. शिट्ट्या त्यानंतरही थोडा वेळ चालू होत्या.

ती टाकीशेजारी पडली होती, मान वळलेली. तिच्याभोवती उभं राहून मोठी माणसं वाद घालत होती की ही कोलांटी धरायची की नाही. दादा परीक्षकांच्या मागे लागला होता, "मोजली ना तुमी? मोजली ना?" चिरनेरच्या एकानं वडा चघळत तिचा फोटो काढला. कुणीतरी तिला पायानं बाजूला सारलं. मला इतकी शिसारी आली की मी तसाच जिना उतरलो आणि पुन्हा पुडी बांधली नाही.

हे मी बऱ्याच जणांना सांगितलं आहे. ऐकणारे दादाला नावं ठेवतात, त्या वडापाववाल्याला ठेवतात, आणि मला म्हणतात, तू सुटलास बाबा. एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. तो धप्प आवाज झाला तेव्हा माझ्या मनात पाखराचा विचार आलाच नाही. पहिला विचार आला तो असा, की पुडीत बाजरी चिमूटभर जास्त हवी होती.