टीव्हीमागचा कॉम्प्युटर आणि वडनेरची सोयरीक

माझ्या सख्ख्या बहिणीची सोयरीक टीव्हीमुळे मोडता मोडता राहिली. टीव्हीचा तसा काही दोष नव्हता. त्याच्यामागे मी कॉम्प्युटर बसवला होता.

घरोघरी नुकतेच पातळ टीव्ही येऊ लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. कारंजा घाडग्यात हायवेला लागून माझं मोटारपंपांचं दुकान. नागपूरला पंप आणायला गेलो आणि एक इवलासा कॉम्प्युटर घेऊन आलो. जेवणाच्या डब्याएवढा! तिथला दुकानदार म्हणाला होता, "टीव्ही के पीछे लगा दो भाऊसाब, घर का थेटर बन जाएगा." त्यातलं मला 'थेटर' एवढंच ऐकू आलं.

घरी सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो डबा उलटापालटा करून पाहिला.

"हा कॉम्प्युटर व्हय? अन् बाकीचा कुठी हाये?"

"एवढाच असते. टीव्हीले जोडला का सिनेमे, गाणे, फोटो, सगळं बसल्या जागी पाहाचं. कीबोर्डबी बिनवायरचा हाये, माऊस त्यातच."

"अन् पंप?"

(सुनंदाला मुद्द्याचं बोलायची वाईट खोड आहे.)

मी डबा टीव्हीच्या पाठीला स्क्रूनं पक्का केला. तारा दिसू नयेत म्हणून प्लग लोखंडी कपाटाच्या मागे नेला. लाइट गेली तरी सिनेमा थांबू नये म्हणून सगळं इन्व्हर्टरवर जोडलं. सोबत एक छोटा कॅमेरा मिळाला होता, तो टीव्हीच्या डोक्यावर बसवला. थोडक्यात, पुढच्या फजितीची व्यवस्था मी स्वतःच्या हातानं, पक्के स्क्रू मारून केली.

त्याच आठवड्यात शुभांगीच्या लग्नाची बोलणी ठरली. शुभांगी माझी धाकटी बहीण, शाळेत मास्तरीण. वडनेरच्या नितीननं तिला पसंत केलं होतं, तिनंही त्याला. आता फक्त मोठ्या माणसांनी बसून पक्कं करायचं होतं. बाबा आदल्या साली गेले, त्यामुळे आमच्याकडचा मोठा माणूस म्हणजे मी! पंपाबद्दल मी तासभर बोलू शकतो. पण अशा बैठकीत माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून शनिवारी मी थोडी तयारी केली आणि त्याच वेळी कॅमेरा चालतो का तेही पाहून घेतलं.

रविवारी पाहुणे आले. नितीन, त्याचे वडील भास्करराव आणि भास्कररावांची थोरली बहीण. त्यांना सगळे आत्याबाई म्हणत. भास्करराव अगदी गप्प. आत्याबाई देहानं आणि आवाजानं भरदार, त्या दिवाणावर बसल्या.

चहा झाल्यावर मी सुरुवात केली. "भाऊ, बाबा गेले तवापासून शुभांगीले म्या लेकीवानी सांभाळलं. आता तुमच्या वटीत टाकतो..." इथं माझा आवाज दाटला. डोळ्यांत पाणी आलं. मी रुमालाचं टोक डोळ्याला लावलं.

आत्याबाईंनीही पदर डोळ्याला लावला. "लय हळवा माणूस हाये व माय!"

इथं थांबायला हवं होतं. पण नितीननं विचारलं, "टीव्हीच्या मागं हे काय लावलं जी?"

"थेटर!" मी उठलोच. टीव्ही सुरू केला, डबा सुरू केला. कीबोर्ड मात्र कुठे दिसेना.

"सुनंदा, कीबोर्ड?"

आतून आवाज आला, "पसारा दिसे म्हून आवरून ठेवला कुठीतरी!"

तेवढ्यात पडद्यावर बाण आपोआप हलला. चौकटी उघडल्या, मिटल्या.

"वा! हातबी नाई लावला!" भास्करराव पहिल्यांदाच बोलले. मी नम्रपणे हसलो. आणि पडद्यावर मी आलो.

बनियनवर! माझ्यासमोर खुर्चीत एक लोड उभा. लोडाच्या डोक्यावर बाबांची टोपी, पुढ्यात कपबशी. त्या लोडाला हात जोडून मी म्हणत होतो, "भाऊ, बाबा गेले तवापासून शुभांगीले म्या लेकीवानी सांभाळलं..."

पडद्यावरचा मी थांबला. "सुनंदा, इथं आवाज दाटला पाह्यजे. दाटला का?"

सुनंदाचा आवाज: "नाई. सर्दी झाल्यावानी वाटते."

"मंग पुन्हा घेतो."

दिवाण हलू लागला. आत्याबाई हसू दाबत होत्या. त्या जशा हलत, तसा टीव्हीचा आवाज वाढे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कीबोर्ड गादीखाली होता!

"आत्याबाई, जरासं उठता का?"

"काऊन? पाहू द्या ना बाप्पा नीट!"

गडबडीत टीव्हीचं बटण सापडेना. प्लग कपाटामागे. कपाट मला एकट्याला हलेना. मी पडवीत धावलो आणि मेन स्विच पाडला. पंखा थांबला, फ्रीज थांबला. टीव्ही चालूच! इन्व्हर्टरवर तेवढा एकच होता ना. त्या शांततेत माझा शब्द न् शब्द हायवेपर्यंत स्पष्ट गेला.

"अन् डोयात पाणी नाई आलं त?"

"कांदा चिरून ठेवू का?"

मी परत आत आलो तर स्वयंपाकघराच्या दारात शुभांगी उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. भास्करराव उठून उभे राहिले.

मी हात जोडले. "भाऊ, पाठ केलतं हे खरं हाये. पण खोटं नव्हतं जी. मले बोलताच येत नाई. बाबा असते त..." हे पाठ केलेलं नव्हतं.

भास्कररावांनी माझे हात धरले. "बसा जी. म्याबी सकाळी न्हाणीत पाठ करून राह्यलो होतो. इथं आल्यावर सारं इसरलो, म्हून त गप होतो!"

"अगं माय!" आत्याबाई ओरडल्या. "म्हून एवढा येळ आंघोळ चालली होती व्हय!" आणि आता त्या मोकळ्या सुटल्या. दिवाण गदगदला, टीव्ही ठणाणला, आणि शुभांगीसुद्धा तोंडाला ओढणी लावून हसली. सोयरीक पक्की झाली. आत्याबाई उठल्यावर कीबोर्ड सापडला, पण त्यातली बरीच बटणं कायमची खाली बसली होती.

लग्न कारंज्यालाच झालं. पाठवणीच्या वेळी शुभांगी गळ्यात पडली आणि मला खरंखुरं रडू कोसळलं. हुंदके, नाक, सगळंच. मंडळी समजूत काढायला पुढे सरकली. तेवढ्यात आत्याबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"यावेळेस बराबर जमलं! कांदा कुठी लपवला, बाप्पा?"

आणि जमलेल्या सगळ्या वऱ्हाडानं खरोखर माझ्या हातांकडे पाहिलं!