विहिरीतला उंबर

लातूर नवा जिल्हा झाला, त्या साली औशाला पाऊस फिरकलाच नाही. शाळेच्या हौदाचा तळ दिसू लागला, म्हणून आवारात विहीर खोदायला एक जण आला. पहार मारण्याआधी तो दगडावर तळहात टेकवायचा, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. दुपारी भाकर खायला मात्र माझ्या वर्गाच्या खिडकीखाली बसायचा. मी तेव्हा दूर समुद्रातली, लाव्हारसातून वर आलेली बेटं शिकवत होतो.

एकदा त्यानं बसल्या जागेवरून विचारलं, "गुर्जी, त्या बेटावर पैलं झाड कुनी लावलं?"

"कुणीच नाही. पाखरांनी बी नेलं."

तो हसला आणि मला विहिरीत घेऊन उतरला. काळ्या दगडाच्या भेगेत उंबराचं इवलंसं रोप होतं. सुरुंगाचं भोक त्यानं तिथून हातभर बाजूला घेतलं होतं.

"हेबी पाखराचंच हाय. ह्याला वल घावली, मंग आपल्याला का घावनार न्हाई?"

त्यानं माझा हात धरून भेगेत दाबला. आत गारवा होता.

आपला काळा दगडही लाव्हारसाचाच, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आलो होतो. त्याला हात मात्र त्या दिवशी पहिल्यांदा लावला.